ठोकळ्याशी लग्न

(मिशिगनच्या उत्तर टोकाला, हॅन्कॉक गावात लाकडी खेळण्यांचं एक दुकान. दुकानामागची कामाची खोली. सप्टेंबरातली दुपार. रेनो आणि एल्मा कांगास, सत्तरीकडे झुकलेले नवरा-बायको.)

रेनो : पुन्हा विचार.

एल्मा : भोवऱ्यात आणि नवऱ्यात फरक काय?

रेनो : भोवरा लाकडाचा असतो.

एल्मा : अरे, खरं उत्तर नको. दुकानाच्या दारातल्या फळ्यावर लिहायचास ते उत्तर. तुझं तुला पाठ आहे, ते म्हण.

रेनो : भोवरा गुंडाळला की फिरतो. नवरा फिरला की गुंडाळतो.

एल्मा : बरोब्बर. काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

रेनो : पण तू हसली नाहीस. ब्रेंडा म्हणते, विनोद सांगून झाला की समोरच्याचं तोंड बघायचं. मी बघितलं. तुझं तोंड सरळ होतं.

एल्मा : शिकवताना मास्तरीण हसते का कधी? आणि तुझी ब्रेंडा इस्पितळात बोलायला शिकवते, तिनं कधी भोवरा धरलाय का हातात? हा घे. डाव्या हातात, डाव्या. मिटतायत बोटं?

रेनो : तीन मिटतात. करंगळी नाही.

एल्मा : नसू दे. तिच्यावाचून काही अडत नाही. आता सांग, भोवरा फिरवायच्या आधी काय करतोस?

रेनो : दोरी गुंडाळतो. मग फेकतो. मग फिरतो.

एल्मा : म्हणजे गुंडाळला की फिरतो. झालं. आता नवरा फिरला, म्हणजे?

रेनो : तळ्यावर फिरायला गेला.

एल्मा : दुसरा अर्थ.

रेनो : त्याचं मन फिरलं. दुसऱ्या बाईकडे गेलं.

एल्मा : शाब्बास! आणि घरी येऊन बायकोला गुंडाळतो, म्हणजे?

रेनो : रजईत. थंडी असते.

एल्मा : रजईत?

रेनो : चुकलं.

एल्मा : चुकलं खरं. पण असा नवरा मिळाला तर कोण नको म्हणेल? अरे, गुंडाळतो म्हणजे थापा मारतो. काहीबाही सांगून वेळ मारून नेतो.

रेनो : ते मला माहीत आहे. फिरण्याचे दोन अर्थ. गुंडाळण्याचे दोन अर्थ. अर्थ मला येतात, एल्मा. पुढचं येत नाही.

एल्मा : पुढचं म्हणजे?

रेनो : दोन अर्थ आहेत. असू देत. माझ्या शर्टालाही दोन खिसे आहेत. शर्टाला बघून कुणी हसत नाही.

एल्मा : पूर्वी हसू यायचं तेव्हा काय व्हायचं तुला, आठवतं?

रेनो : हसायचो ते आठवतं. इथे, बरगड्यांच्या खाली, काहीतरी टक्कन बसायचं. खुंटी भोकात बसते तसं. आता दोन्ही अर्थ येतात आणि लांब लांब बसतात. दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसं बसतात तशी. एकमेकांकडे बघतही नाहीत.

एल्मा : थांब जरा. माझ्या डोळ्यात भुसा गेला.

रेनो : आज कुणी लाकूड कापलेलं नाही.

एल्मा : कालचा असेल.

रेनो : परवा शनिवार आहे. हेल्वीचं लग्न. जेवणानंतर बापानं उभं राहून बोलायचं असतं. सगळं गाव येणार. शेजारचा हायक्की मला सकाळीच म्हणाला, रेनो, भोवऱ्याचा सांगशील ना? मी हो म्हणालो. मला तोपर्यंत शिकव.

एल्मा : परवापर्यंत?

रेनो : मी पाय टाकायला एका महिन्यात शिकलो. तू शिकवलंस.

हेल्वी : दार सताड उघडं आणि दुकानात चिटपाखरू नाही! आई, कुणी खेळणी उचलून नेली तर?

एल्मा : आली बघ नवरी! नेऊ देत गं, कुणाच्या तरी पोराच्या हातात पडतील. गाडी कशी चालवलीस एवढी? डुलुथहून निघालीस कधी? नवरदेव टोबायस कुठाय?

हेल्वी : तो चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडतोय, मीच पाठवलं त्याला. बाबा, कसा आहेस? हात बघू. दाब माझं बोट. जोरात. अजून जोरात. बरा आहे की!

रेनो : तू नर्ससारखी बोलतेस.

हेल्वी : मी नर्सच आहे, बाबा.

रेनो : हो. म्हणून सांगितलं.

हेल्वी : काय चाललंय दोघांचं? भोवरा कशाला काढलाय?

एल्मा : भाषणाची तालीम.

हेल्वी : आई, त्यावर आपलं बोलणं झालं होतं. फोनवर आपण ठरवलं होतं की बाबा नुसता ग्लास उंचावेल, पास्टर दोन शब्द बोलतील आणि विषय संपेल.

एल्मा : ते तू ठरवलंस. मी नुसतं हं हं म्हणत होते.

रेनो : मी कशाला गप्प बसायचं? मला बोलता येतं.

हेल्वी : येतं रे. प्रश्न बोलण्याचा नाही. तू विनोद सांगशील आणि शंभर माणसं तुझ्याकडे बघत बसतील. एक तर हसणार नाहीत, आणि ते वाईट. नाही तर तुझ्याकडे बघून कीव आली म्हणून हसतील, आणि ते मला बघवणार नाही. मी रोज वॉर्डात बघते ना. पेशंट काही बोलला की नातेवाईक कसे मोठ्यानं हसतात. ते हसू नसतं, बाबा.

रेनो : कीव येऊन हसलेलं वेगळं दिसतं का?

हेल्वी : दिसतं.

रेनो : मला दिसणार नाही. मग मला काय फरक पडतो?

हेल्वी : मला पडतो ना.

रेनो : बरं. मग भोवऱ्याचा नको. खुळखुळ्याचा सांगतो. तो लग्नात शोभतो. एक होता खुळा. त्याला भेटली खुळी. दोघांनी लग्न केलं आणि वर्षाच्या आत घरात खुळखुळा. हा सोपा आहे. दुकानातल्या पाळण्यांपाशी हाच लिहून लावला होता आपण. बायका बघून हसायच्या.

हेल्वी : तो नको.

रेनो : का?

एल्मा : रेनो, तिनं नको म्हटलं ना.

रेनो : कारण सांगितलं तर मला शिकता येईल.

हेल्वी : सांगते. बाबा, मला मूल होणार नाही. आईला माहीत आहे, टोबायसला माहीत आहे. तुला सांगणार होते, पण तू तेव्हा इस्पितळात होतास.

रेनो : विनोदात मूल नाही. खुळखुळा आहे.

हेल्वी : खुळखुळा कुणाच्या हातात असतो?

रेनो : बाळाच्या.

हेल्वी : मग?

रेनो : तुझ्या डोळ्यात पाणी आलं.

हेल्वी : आलं.

रेनो : म्हणजे तुला विनोद कळला.

हेल्वी : हो. पूर्ण कळला.

रेनो : तोच विनोद ऐकून त्या बायका हसायच्या. तू रडतेस. त्यांना कळतो, तुलाही कळतो. मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही.

हेल्वी : बाबा, मला तुला दुखवायचं नव्हतं.

रेनो : मला दुखलं नाही. तुला दुखलं. पुढच्या खिडकीत खुळखुळ्यांची रांग टांगली आहे. तू येता-जाता दिसेल. मी काढून आत ठेवतो.

हेल्वी : अरे, असं काही नाही, राहू देत की ते—

एल्मा : काढू दे त्याला, हेल्वी. रेनो, पायरी सांभाळ. स्टुलावर चढू नकोस, काठीनं काढ.

रेनो : काठीनं काढतो.

हेल्वी : ... आई, हे असंच असतं रोज?

एल्मा : हो, असंच. कॉफी ओत. निसू पाव कापून ठेवलाय, लोणी लाव त्याला. वेलदोडा जरा जास्तच पडलाय या खेपेला.

हेल्वी : तू थकलीस.

एल्मा : थकायला काय झालं? खातो, पितो, चालतो. स्वतःची दाढी करतो. गावातलं प्रत्येक माणूस मला थांबवून सांगतं, एल्मा, तुझं नशीब थोर, तो वाचला. मी मान डोलावते.

हेल्वी : थोरच आहे. मी बघितलेत यापेक्षा वाईट—

एल्मा : तू बघितले असशील. मला माझ्या घरचं सांगू दे. ज्याच्याबरोबर मी चाळीस वर्षं हसले तो माणूस फेब्रुवारीत गेला, हेल्वी. त्याला पुरलं नाही, म्हणून मला काळे कपडेही घालता येत नाहीत. तो समोर बसून सूप पितो. आणि परवा टपालवाल्यानं काहीतरी गमतीचं सांगितलं, तर मला हसू फुटलं, मी सवयीनं मान वळवली... आणि हा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी भाषाच बदलली. एकटीनं हसणं फार वाईट. त्यापेक्षा एकटीनं रडलेलं परवडलं.

हेल्वी : मला वाटलं होतं, तुला उलट सुटल्यासारखं वाटेल. खोटं कशाला बोलू?

एल्मा : सुटल्यासारखं? कशातून?

हेल्वी : त्या फळ्यातून! आई, लहानपणापासून मला त्या फळ्याचा राग आहे. दुकानाच्या दारात, भर रस्त्यावर, बायको अशी आणि बायको तशी. तो फुग्याचा आठवतो ना तुला? 'फुगा आधी फुगतो, मग बांधतात. बायकोला आधी बांधतात, मग ती फुगते.' शाळेत पोरं माझ्यासमोर गाल फुगवून उभी राहायची, विचारायची, काय गं, आज आई फुगली का? मी घरी येऊन तुझं तोंड बघायचे. वाटायचं, हा माणूस माझ्या आईची गावभर टिंगल करतो आणि ही बिचारी त्याचे शर्ट इस्त्री करते.

एल्मा : तो फुग्याचा माझा होता.

हेल्वी : काय?

एल्मा : मी केलेला. बायकोवरचे सगळे माझे. नवऱ्यावरचे सगळे त्याचे.

हेल्वी : अक्षर तर बाबाचं असायचं!

एल्मा : माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. रस्त्यावर कोण वाचणार? मी सांगायचे, तो लिहायचा. आमचा नियमच होता तो. ज्यानं त्यानं स्वतःवरच करायचा. दुसऱ्यावर केला तर तो विनोद नव्हे, ते भांडण. फुग्याचा सुचला ना, तेव्हा मी चार दिवस फुगून बसले होते. कशावरून ते देव जाणे. फुगणं सोपं असतं, पण खाली कसं यावं ते कळत नाही. पाचव्या दिवशी सकाळी म्हटलं, रेनो, खडू घे.

हेल्वी : आणि मी तुझ्या बाजूनं त्याच्यावर रागावत राहिले. इतकी वर्षं.

एल्मा : तू कधी विचारलं नाहीस. आम्हाला वाटलं, पोरीला विनोद आवडत नाहीत. काही लोकांना कोबी आवडत नाही, तसं.

हेल्वी : पण हे सुरू कशानं झालं? बाबा तर मुळात अबोल. आजी म्हणायची, रेनोच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते.

एल्मा : तू चार वर्षांची असताना आपण एक हिवाळाभर डुलुथला लेम्पीमावशीकडे राहिलो होतो, आठवतं?

हेल्वी : मावशीची मांजर आठवते. आणि तिच्या घरातला वास. तू म्हणायचीस, मावशी आजारी आहे.

एल्मा : मावशी ठणठणीत होती. मी घर सोडलं होतं.

हेल्वी : आई!

एल्मा : त्या वर्षी तुझा टोइवोकाका गेला. तळ्यावर मासे धरायला गेला आणि बर्फ फुटला. रेनो काठावर होता. दोघं भाऊ बरोबरच निघाले होते, हा कॉफीचा थर्मास आणायला मागे फिरला. तेवढ्यात झालं. त्यानंतर हा बोलायचाच बंद झाला. रागानं नाही, रुसूनही नाही. नुसता बंद. सकाळी इथे येऊन बसायचा आणि ठोकळे कापायचा. मुलांचे, रंगीत असतात ना, ते. पोत्यानं ठोकळे. विकत कोण घेणार एवढे? मी बोलायचे, रडायचे, ताट आपटायचे. हू नाही की चू नाही. एके दिवशी मी किंचाळले, मी माणसाशी लग्न केलं की ठोकळ्याशी? आणि तुला उचललं आणि बस पकडली.

हेल्वी : मग परत कशी आलीस?

एल्मा : परत नव्हते आले. सामान न्यायला आले होते. बर्फ वितळत होता, रस्त्यात नुसता चिखल. मी मनाशी घोकत आले होते, एक अक्षर बोलायचं नाही, ट्रंक घ्यायची आणि निघायचं. आणि दुकानापाशी पोचते तर दारातल्या फळ्यावर लिहिलेलं. तिथे एरवी फक्त 'उघडं आहे' एवढंच असायचं.

हेल्वी : काय लिहिलं होतं?

एल्मा : 'ठोकळ्याशी लग्न करा. घर बांधायला तोच लागतो.'

हेल्वी : अगं आई!

एल्मा : हसलीस ना?

हेल्वी : हसले गं. डोळे पण भरले.

एल्मा : माझंही तेच झालं. चिखलात उभी राहून हसले. हसले म्हणून माझाच मला इतका राग आला! मी तो शब्द त्याला दगडासारखा मारला होता. त्यानं काय केलं? तो उचलला, घासला, कोपरे गोल केले आणि मला परत दिला. शब्द तोच होता. त्यातलं एक अक्षरही त्यानं बदललं नव्हतं. मला एवढी वर्षं विचारतात लोक, त्या विनोदांत एवढं हसण्यासारखं काय असतं? मला तरी एवढंच कळतं. आपण एका दारानं रागारागानं आत शिरतो, आणि पाय पडतो तो भलत्याच खोलीत. तिथे समोर तोच माणूस उभा असतो. मग रागवायचं विसरायला होतं.

हेल्वी : पण खेळण्यांचेच का?

एल्मा : हातात तेच होतं म्हणून. आणि लग्नाबद्दल सरळ बोलायला गेलो की आमची जुंपायची. भोवऱ्याबद्दल कोण भांडणार? खेळणं मुठीत मावतं गं. लग्न मावत नाही.

हेल्वी : त्याला हे सगळं आठवतं?

एल्मा : दिवस-वार आठवतो. फळ्यावरच्या ओल्या खुणा आठवतात. फक्त त्यात गंमत कुठे होती ते सापडत नाही. मी रोज शोधून देते आणि रोज हरवतं. मलाच कधी कधी भीती वाटते, उलगडून उलगडून माझंही हसू संपून जाईल.

रेनो : सगळे काढले. खोक्यात ठेवले. एक पडला, पण फुटला नाही.

हेल्वी : बाबा, इकडे ये. तू शनिवारी बोल. तुला हवं ते बोल.

रेनो : तुला बघवणार नाही म्हणालीस.

हेल्वी : मी बघेन.

रेनो : तुझं मन फिरलं?

हेल्वी : फिरलं.

रेनो : गुंडाळत तर नाहीस मला?

एल्मा : रेनो! आत्ता हे मुद्दाम बोललास?

रेनो : नाही. विचारलं. का?

* * *

रेनो : ऐकू येतंय का मागे? बरं. मी रेनो कांगास. हेल्वीचा बाप. तुम्ही मला ओळखता. तरी सांगतो, कारण ब्रेंडा म्हणाली, सुरुवात नावापासून करावी.

हेल्वी : आई, त्यानं कागद आणलाच नाही.

एल्मा : लागत नाही त्याला. तू बस नीट, झग्यावर केक सांडशील.

रेनो : फेब्रुवारीत माझ्या डोक्यात रक्ताची गाठ अडकली. पाय गेला होता, तो परत आला. हात अर्धा परत आला. विनोद परत आला नाही. ... हसू नका. हा विनोद नव्हता. ... पुन्हा हसलात. बरं.

हेल्वी : हे कीव करून हसत नाहीयेत, आई.

एल्मा : नाही. गप्प बस आता.

रेनो : हायक्कीला भोवऱ्याचा ऐकायचा होता. तो मी सांगणार नाही. तो नवरा फिरण्याबद्दल आहे, आणि टोबायस आजच नवरा झालाय. मी दुसरा सांगतो. ठोकळ्याशी लग्न करा. घर बांधायला तोच लागतो. ... हं. तुम्ही हसलात. हायक्की, तू टेबलावर हात मारलास. का मारलास? ... नाही, खरंच विचारतो. मला जाणून घ्यायचं आहे. ... त्याला सांगता येत नाही. तो माझ्यासारखाच आहे.

हेल्वी : पास्टर बघ, तोंडावर रुमाल धरून बसलेत.

रेनो : हा विनोद मी केला. लिहिला ती सकाळ मला आठवते. खडू ओला होता. का लिहिला ते पण आठवतं. माझा भाऊ टोइवो गेला होता आणि माझी बायको गेली होती. एक परत येणार नव्हता. दुसरी येईल की नाही माहीत नव्हतं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिलं. ती आली. फळ्यासमोर उभी राहिली. मी आतून, काचेतून बघत होतो. ती हसली. तेव्हा मला कळलं होतं की ती का हसली. आता कळत नाही. मी तिला रोज विचारतो. ती रोज सांगते. तिनं सांगितलेले सगळे शब्द मला कळतात, पण इथे, बरगड्यांखाली, काही होत नाही. पण एल्मा म्हणते, हा विनोद चांगला आहे. एल्मा म्हणते म्हणजे असणार. टोबायस, तुला मी एवढंच सांगतो. एक दिवस घरात असं काहीतरी असेल, जे तिला दिसतंय आणि तुला दिसत नाही. तेव्हा तू वाद घालू नकोस. तिच्या शब्दावर चाल. हेल्वी, तुझं पण तसंच. त्याला दिसेल आणि तुला दिसणार नाही. एका वेळी एकाला दिसलं तरी घर चालतं. आम्ही चालवतोय. ... संपलं. एल्मा, मी बसू का?

एल्मा : बस, रेनो. ये, बस इथे.

रेनो : कुणी हसत नाहीये. हायक्की रडतोय. मी चुकलो का?

एल्मा : नाही रे.

रेनो : नक्की?

एल्मा : नक्की.

रेनो : बरं. मग केक दे.

* * *

हेल्वी : डबा नको, आई. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. टोबायस, ते खोकं माझ्या मांडीवर दे. बाबा, निघतो आम्ही.

रेनो : काल तू रडलीस. चांगलं रडणं होतं की वाईट?

हेल्वी : चांगलं.

रेनो : विचारून घेतलेलं बरं. या खोक्यात आगगाडी आहे. मेपलच्या लाकडाची. तुमच्या घरी कुणाची मुलं आली तर खेळतील. कुणी नाही आलं तर तुम्ही खेळा. यात विनोद काही नाही. नुसती गाडी आहे.

हेल्वी : ... ये इकडे. अजून घट्ट धर. करंगळी पण.

रेनो : करंगळी मिटत नाही.

हेल्वी : मिटतेय की! बघ.

रेनो : थोडी.

एल्मा : निघा आता, नाही तर मीच सुरू होईन. पुलापाशी हळू. पोचलात की फोन करा. टोबायस, हिला वाटेत खायला घाल, नाही तर ही फार चिडते. ... गेले.

रेनो : वळले. आता दिसत नाहीत.

एल्मा : चल आत. गारठा आहे. ... किती पसारा करून गेली पोरगी. आणि तरी बघ, कसं सगळं सुनं सुनं. घर नुसतं खायला उठलंय.

रेनो : खायला कालच्या पास्ट्या उरल्यात, बटाटा भरलेल्या. गरम करू?

एल्मा : ... अरे देवा.

रेनो : काय झालं?

एल्मा : काही नाही. थांब, मला बसू दे. पोट दुखायला लागलं.

रेनो : तू हसतेस.

एल्मा : हसतेय.

रेनो : मी काही केलं?

एल्मा : केलंस.

रेनो : मुद्दाम नाही केलं. समजावून सांग.

एल्मा : नाही. हा नाही समजावणार. हा माझ्याकडे राहू दे.

रेनो : बरं. ... पण एल्मा, तू हसतेस तेव्हा मी काय करायचं? आधी मी पण हसायचो. आता नुसता उभा राहतो. हात कुठे ठेवावेत कळत नाही.

एल्मा : काही करू नकोस. बघ माझ्याकडे.

रेनो : बघतोय.